मॉडेलवर बसली, दातावर नाही

जळगावच्या एमआयडीसीत माझं छोटं टूलरूम आहे. ठिबकचे कनेक्टर, पीव्हीसीचे फिटिंग, डब्यांची झाकणं असल्या मालाच्या डाय, म्हणजे साचे, आम्ही बनवतो. मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), कटरची त्रिज्या, श्रिंकेज (माल आकसणं) हे शब्द दिवसभर तोंडात असतात; यंदा त्या शब्दांमागची वस्तूच तोंडात गेली. रूट कॅनाल झालेल्या दोन दाढांवर कॉम्प्युटरवर डिझाइन करून मशीननं कोरलेल्या झिरकोनियाच्या, म्हणजे कडक पांढऱ्या सिरॅमिकच्या, कॅप बसवून घेतल्या. एक गुमान बसली. दुसरीनं बराच घोळ घातला, आणि सांगण्यासारखं जे काही आहे ते तिच्याबद्दलच आहे.

ही दुसरी म्हणजे खालची, उजवीकडची पहिली मोठी दाढ. तिचं रूट कॅनाल फार पूर्वी दुसऱ्या गावी झालेलं, वर धातू-सिरॅमिकची कॅप. दुखणं काहीच नव्हतं. दादर ज्वारीची भाकरी, कळण्याची भाकरी, ठेचा, भाजलेले शेंगदाणे, सगळं त्याच बाजूनं चालायचं. एके दिवशी बायको म्हणाली, "अहो, तुमच्या तोंडाला वास येऊन राहिला." दात घासले, बडीशेप चघळली, वास काही हटेना. मग त्या दाढेच्या मागून दात साफ करायचा दोरा ओढून नाकाशी धरला, तेव्हा वास कुठून येतोय ते कळलं.

दातांच्या डॉक्टर मॅडम मूळ अमळनेरच्या, कॅप आणि कवळ्यांमधल्या एमडीएस. त्यांनी एक्स-रे काढला. कॅपचा धातू पांढराशुभ्र, आणि त्याच्या मागच्या कडेखाली काळी सावली. मग टोकदार आकडा घेऊन कॅपच्या कडेवरून फिरवला. पुढच्या बाजूनं तो सरळ सरकला, मागच्या बाजूला खट्ट करून आत गेला. कॅप कापून काढली. आतलं सिमेंट मागच्या बाजूनं धुऊन गेलेलं होतं आणि त्याखाली दात तपकिरी, ओला, चमच्यानं खरवडला तर निघून येईल असा. मॅडमनी आरसा धरून मला दाखवलं. घाण वास दवाखानाभर झाला, असिस्टंट मुलीनं पंखा लावला.

"पण मॅडम, दुखलं कसं नाही?"

"दुखायला आत काय ठेवलंय काका? रूट कॅनालमध्ये नसच काढून टाकतात. तुमचा जिवंत दात असता तर थंड पाण्यानं ठणका लागला असता आणि तुम्ही तेव्हाच पळत आला असता."

नंतर जे जे झालं त्याच्या मुळाशी ही एवढीच गोष्ट आहे. जिवंत दातावरची कॅप सैल असली, कडेला उघडी असली, तर दात आज ना उद्या ओरडतो. मेलेला दात ओरडत नाही. त्यामुळे कॅप बसवताना "काका, बरं वाटतंय का?" या प्रश्नाला अशा दातापुरता काडीचा अर्थ नाही. मला त्या जुन्या कॅपमध्येही बरंच वाटत होतं.

दाढ ठेवायची की काढायची, इथून सुरुवात झाली. किडलेला भाग काढल्यावर वर किती दात उरतो ते मॅडमनी मोजलं. कॅपच्या कडेच्या वर चारही बाजूंनी निदान दीड-दोन मिलिमीटर निरोगी दात हवा, कॅप त्याला कवेत घेते, म्हणून चावताना मूळ उभं फाटत नाही. या पट्ट्याला ते लोक फेरूल म्हणतात. आमच्याकडे पाइपच्या टोकाला जी कडी घालतात ती फेरूल, त्यामुळे मला वेगळं समजवावं लागलं नाही. माझ्या दाढेला तीन बाजूंनी पट्टा होता, मागच्या बाजूला जवळपास शून्य. तिथे हिरडी आणि थोडं हाड खाली घ्यावं लागलं. जुनी भरणी लाळेत भिजलेली, म्हणून रूट कॅनालही नव्यानं केलं. त्यासाठी दुसरे डॉक्टर आले होते. मुळात फायबरचा खुंट, वर कंपोझिटचा गाभा, आणि हिरडी भरून येईपर्यंत प्लास्टिकची तात्पुरती टोपी. हे सगळं कंटाळवाणं होतं, पैसेही तिथेच जास्त गेले. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

वरच्या छोट्या दाढेचं रूट कॅनाल याच सुमारास झालं. सुपारीनं कोपरा उडाला होता. तिला कॅप खरंच लागते का, की डॉक्टरांचं आपलं ठरलेलं असतं, हे मी स्पष्टच विचारलं. मॅडमनी चिडायच्या ऐवजी एक अभ्यास सांगितला. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात ॲक्विलिनो आणि कॅपलन या दोघांनी जुन्या नोंदी चाळल्या होत्या, २००२ साली तो छापून आला. रूट कॅनालनंतर कॅप न बसवलेले दात हे कॅपवाल्या दातांच्या सहापट वेगानं गमावले गेले. आता ज्यांनी कॅप बसवली त्यांचे दात मुळात बरे असतील, ते लोक दातांची काळजी घेणारेही असतील, हे मी धरून चालतो. तरी सहापट म्हणजे फरक मोठा आहे. कॅप ठरली.

मग स्कॅन. पूर्वीसारखा तोंडात गुलाबी लगदा कोंबून माप घेणं नाही, जाड पेनासारखा कॅमेरा. तो दातांवरून फिरतो आणि समोरच्या पडद्यावर दाढा एकेक उगवत जातात, रंगासकट. पाहायला मजा येते. पण मी पडद्याकडे धंद्याच्या नजरेनं बघत होतो. मॅडमना म्हटलं, रंग काढून नुसती जाळी, म्हणजे आकार ज्या त्रिकोणांनी बनतो ते, दाखवता येते का? त्यांनी दाखवली. दाताचा घासलेला भाग स्वच्छ, त्रिकोण एकसारखे. मागच्या कडेशी मात्र जाळी खडबडीत, लाटा आलेल्या. तिथे हिरडी कडेवर टेकली होती आणि लाळेत रक्ताचा अंश होता. कॅमेऱ्याला उजेड जिथपर्यंत पोहोचतो तेवढंच दिसतं. हिरडीखालचं त्याला दिसत नाही, ओल्या चकचकीत जागेवर तो फसतो. मॅडमनी कापसानं टिपून तेवढा भाग खोडला, पुन्हा फिरवला. थोडा सुधारला. "चालेल असं वाटतंय," असं त्या स्वतःशीच बोलल्या आणि फाइल धुळ्याच्या लॅबला गेली.

त्याच आठवड्यात माझं धुळ्याला काम निघालं. अवधान एमआयडीसीत एका पार्टीला डाय पोचवायची होती. परतताना लॅबमध्ये डोकावलो. आपलं स्वतःचं जॉब मशीनवर चढलेलं कोण सोडतो? लॅब म्हणजे दोन खोल्या. एका खोलीत मुलं-मुली माऊस घेऊन दात काढत बसलेली, दुसरीत मिलिंग मशीन, भट्टी आणि व्हॅक्यूमचा आवाज. मशीन पाच अक्षांचं, आपल्या देवघराएवढं. मशीन सांभाळणारा पोरगा साक्रीकडचा, अहिराणीत बोलणारा, मी टूलरूमवाला आहे कळल्यावर त्यानं सगळं दाखवलं.

झिरकोनियाची चकती ९८ मिलिमीटर व्यासाची, पांढरी. तिच्यातून कॅप कोरून काढतात तेव्हा ती अर्धी कच्ची असते. त्यानं एक माझ्या तळहातावर ठेवली. "दादा, हात हलका ठेवा हां. आते खडू शे हाई, भट्टीमा गयं का मंग दगड!" हाताला पांढरी पूड लागली. कॅप होती माझीच, पण दाढेपेक्षा चांगलीच मोठी. भट्टीत सुमारे १५०० अंशांना तापवली की ती सगळ्या बाजूंनी जवळजवळ पाचवा हिस्सा आकसते आणि मापात येते. प्रत्येक चकतीवर तिचा आकडा छापलेला असतो, १.२४ किंवा तसा काहीतरी. तो मशीनला द्यायचा, मशीन तेवढ्या पटीनं मोठं कोरतं. एका लॉटचा आकडा दुसऱ्या लॉटला चालत नाही.

आम्ही पॉलिप्रॉपिलीनला दीड-दोन टक्के श्रिंकेज धरतो आणि त्यातही गिऱ्हाईक भांडतं. इथे वीस टक्के आकसून दातावर काही मायक्रॉनात बसवायचं! मला त्या पोरांचं मनापासून कौतुक वाटलं.

त्यानं स्क्रीनवर आतली जागाही दाखवली. कॅप आणि दात यांच्यामध्ये सिमेंटसाठी मोकळीक सोडावी लागते: कडेच्या पट्ट्यात अगदी कमी, तिथून मिलिमीटरभर वर गेलं की ५०-६० मायक्रॉन. ही मोकळीक नसेल तर सिमेंट भरून दाबताना ते निसटायला जागा राहत नाही आणि कॅप वर उचललेलीच राहते. बंद भोकात तेल भरून पिन दाबली तर ती जशी परत वर येते, तसंच. जिथे दाताचा कोपरा कटरच्या गोलाईपेक्षा तीक्ष्ण असतो तिथे सॉफ्टवेअर आतून जास्तीचं कोरतं, नाहीतर कॅप त्या कोपऱ्यावरच अडकेल. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. चौकोनी खिशाच्या कोपऱ्यात गोल कटर जात नाही, हे आमच्याकडे शिकाऊ पोरालाही पहिल्याच महिन्यात कळतं. मी विचारलं, ही सोय चालू ठेवली का? तो म्हणाला, ठेवली, पण कॅपची भिंत तिथे फार पातळ होऊ नये म्हणून थोडी कमी केली.

भट्टीतून आदल्या रात्री निघालेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी कॅप तिथे मॉडेलवर बसवून ठेवल्या होत्या. मॉडेल म्हणजे स्कॅनच्या फाइलवरून रेझिनमध्ये छापलेला जबडा. कॅप उचलायची, सोडायची, टिक करून जागेवर. कडेवरून नख फिरवलं तर लागत नव्हतं. मी एवढा खूश झालो की पारोळ्याला थांबून चहा घेतला तिथे टपरीवाल्यालाही सांगितलं. त्याला काय कळलं ते तोच जाणे.

मग कॅप जळगावात आल्या. वरच्या छोट्या दाढेची आधी लावून पाहिली. बसली. टोकदार आकडा कडेवर कुठे अडकला नाही, दोरा दोन्ही बाजूंनी कटकन आत-बाहेर झाला, चावा थोडा उंच होता तो घासला. झालं.

खालची घातली. माझ्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो "मस्त". बोटानं दाबली, हलली नाही. मॅडम मात्र गप्प. आकडा पुढच्या कडेवर अडकला, मागच्या कडेवर आत गेला. मग त्यांनी कॅपच्या आत पांढरं सिलिकॉन भरलं, दातावर दाबली, काही मिनिटं घट्ट चावून धरायला लावलं आणि काढली. आत सिलिकॉनचा पातळ पापुद्रा. जिथे दात आणि कॅप एकमेकांना टेकतात तिथे पापुद्रा फाटून झिरकोनिया उघडा दिसतो. जिथे मोकळीक जास्त तिथे पांढरा जाड थर. डायचे दोन भाग जुळवताना आम्ही एका भागाला निळा रंग फासतो आणि दुसऱ्यावर कुठे लागतो ते बघतो, त्याचाच हा उलटा प्रकार. मला कॅप हातात घेऊन बघायची होती, मॅडमनी दिलीही.

पुढच्या आतल्या कोपऱ्यात एक टिकलीएवढी जागा पूर्ण उघडी. बाकी सगळीकडे थर जाड, मागे तर फारच. म्हणजे कॅप त्या एका टिकलीवर अडून उभी होती. कंपोझिटचा गाभा आणि दात जिथे मिळतात तिथे एक धार राहिली होती, तोच तो कोपरा. मॅडमनी दाताची धार गोल केली, कॅपला आतून हिऱ्याच्या बरनं (बारीक फिरत्या कटरनं) पाणी सोडत किंचित घासलं, परत सिलिकॉन. आता पुढची कड मिटली, पापुद्रा सगळीकडे एकसारखा. मागे मात्र आकडा अजून आत जातच होता. एक्स-रे काढला. झिरकोनिया एक्स-रेत धातूसारखाच पांढरा दिसतो, त्यामुळे कॅपची कड आणि दाताची कड यांच्यात मागच्या बाजूला बारीक काळी रेघ स्वच्छ दिसली.

लॅबला फोन लागला. स्पीकरवर तोच पोरगा. त्याचं म्हणणं, मॉडेलवर तर नख लागत नाही मॅडम, एकदम परफेक्ट आहे. आणि मग जरा हळू आवाजात, "तेवढं सिमेंटमा भरी जाई ना."

इथे मला बोलल्याशिवाय राहवेना. मॉडेल कशावरून छापलं? स्कॅनवरून. कॅप कशावरून कोरली? त्याच स्कॅनवरून. मागच्या कडेला जाळीत लाटा होत्या, तिथे कडेची रेघ कुणीतरी अंदाजानं ओढली. तोच अंदाज मॉडेलमध्येही छापला गेला. चुकीच्या ड्रॉइंगवरून जॉबही बनवला आणि तपासायचा गेजही बनवला, तर दोघं एकमेकांत बसणारच. मॉडेलवर कॅप बसते याचा अर्थ मशीन, भट्टी आणि तो १.२४ चा आकडा बरोबर होते. तोंडातल्या दाताशी त्याचा काही संबंध नाही. मॅडम हसल्या, म्हणाल्या, "काका, हे तुम्ही आमच्या कॉलेजात येऊन सांगा."

तरी फट केवढी, हे मला हवं होतं. मॅडमनी माप सांगितलं नाही, तोंडात तसं मोजता येत नाही म्हणाल्या. आकड्याचं टोक साधारण किती जाड आणि ते किती आत गेलं, यावरून अंदाज करायचा. चांगली कॅप कडेला किती फटीची चालते? तर १२० मायक्रॉन.

१२०! मी खुर्चीत उठूनच बसलो. आमच्या डायच्या जोडावर तीस-चाळीस मायक्रॉन राहिले तरी प्लास्टिक बाहेर येतं आणि मालाला पापुद्रा धरतो, गिऱ्हाईक लॉट परत पाठवतं. आणि इथे १२०? तर हा आकडा १९७१ सालचा निघाला. मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर या दोघांनी ब्रिटनमध्ये हजारावर कॅप वगैरे कामं पाच वर्षं पाहून तो काढला होता. म्हणजे दातात वापरायचा पहिला स्कॅनर यायच्या आधीचा. झुरिकला मॉर्मान आणि ब्रँडेस्टिनी यांनी खुर्चीशेजारच्या मशीनवर पहिली भरणी कोरली तीच १९८५ साली. हातानं मेण लावून, धातू ओतून केलेल्या कामाच्या काळातला आकडा आजही मापदंड म्हणून चालतो. चांगल्या स्कॅनवरून आजची मशीनं त्याच्या निम्म्यातही काम देतात, मग जुन्या आकड्याच्या आडोशाला का उभं राहायचं, हा माझा मुद्दा.

मॅडमचा मुद्दा वेगळा होता आणि तो जास्त बरोबर वाटतो. जंतू असतो मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा. त्याला ५० काय आणि १२० काय, दोन्ही हमरस्तेच. फट शून्य होत नाही, सिमेंटच्या थरालाच २५ मायक्रॉनपर्यंत जागा लागते. प्रश्न हा की उघडं पडणारं सिमेंट किती. पातळ रेघ असेल तर ती वर्षानुवर्षं टिकते, दात घासत राहिलं तर तिच्यात काही अडकत नाही. जाड असेल तर कडेचं सिमेंट झिजतं, विरतं, पायरी होते, पायरीवर अन्न बसतं. जिवंत दाताला तिथे कीड लागली तर तो सांगेल. माझ्या दाढेनं आधीच एकदा काही न सांगता निम्मी सडून दाखवली होती. "म्हणून मी ही लावणार नाही," असं म्हणून मॅडमनी कॅप डबीत टाकली.

ही कॅप लावली असती तर मला काय कळलं असतं? काहीच नाही. वरून दिसायला झकास होती, चावा बसत होता, रंग जुळला होता. वॉरंटीचं कार्डही आलं होतं, दहा वर्षांचं, क्रमांकासकट. मी ते उलटसुलट वाचलं. कॅप फुटली, तडकली तर नवी. खालचा दात सडला तर? त्याबद्दल अक्षर नाही. झिरकोनिया मुळात फुटणार तरी कशानं? जे सहसा होत नाही त्याची हमी आणि जे होतं त्याबद्दल मौन. ही तक्रार एका लॅबची नाही, अशी कार्डं सगळीकडेच वाटतात.

दुसरा स्कॅन करताना मॅडमनी घाई अजिबात केली नाही. आधी बधिर करायचं इंजेक्शन. मी म्हटलं, मेलेल्या दाताला कशाला? तर दात मेलेला, हिरडी जिवंत. हिरडी आणि दात यांच्या खाचेत औषधात भिजवलेला बारीक दोरा त्यांनी चपट्या पात्यानं इंच-इंच दाबत घातला. त्यानं हिरडी बाजूला सरते आणि रक्त थांबतं. मागच्या बाजूला एवढ्यानं भागलं नाही, तिथे हिरडीचा कोंब विजेच्या तारेनं जरासा जाळला. जळक्या केसांसारखा वास येतो, सांगून ठेवतो. हवेनं कोरडं केलं. मग कॅमेरा. या वेळी मी न सांगताच त्यांनी रंग बंद करून जाळी दाखवली. कड सुरीनं कापल्यासारखी स्पष्ट, सलग. कडेची रेघही त्यांनी स्वतः आखली, लॅबवर सोडली नाही.

नवी कॅप आली ती मॉडेलशिवाय. मॅडमनीच सांगितलं होतं, मॉडेल नको, फुकट खर्च. स्कॅनच्या वेळी तोंड बधिर केलं होतं, या वेळी बधिर न करता कॅप लावून पाहिली, कारण चाव्याचा अंदाज बधिर तोंडाला येत नाही. नस गेली तरी मुळाभोवतीचा पडदा जिवंत असतो, दाब त्याला कळतो. निळ्या कागदावर चावलो, एका उंचवट्यावर गडद टिकली उमटली, ती घासली. घासलेल्या जागेला मॅडमनी रबरानं इतका वेळ पॉलिश केलं की मला डुलकी लागायची बाकी होती. खरबरीत झिरकोनिया समोरच्या दाताला खातो, गुळगुळीत केलेला खात नाही. हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं आणि शिफ्ट संपायला आली की सगळेच विसरतात.

सिलिकॉनचा पापुद्रा सगळीकडे जवळपास एकाच जाडीचा आला. आकडा चारी बाजूंनी फिरला. पुन्हा एक्स-रे, काळी रेघ नाही. मगच सिमेंट. त्यातही एक गोष्ट नवी कळली. तोंडात लावून पाहिलेली कॅप लाळेनं खराब झालेली असते आणि लाळेतला फॉस्फेट झिरकोनियाला धरून बसतो, नुसत्या पाण्यानं निघत नाही. त्यासाठी वेगळं द्रावण आत घासून धुतलं, मग प्राइमर, मग रेझिन सिमेंट. कॅप दाबल्यावर कडेनं चारी बाजूंनी सिमेंट बाहेर आलं. ते अर्धवट घट्ट होताच खरवडून काढलं आणि दोऱ्याला गाठ मारून ती गाठ दोन दाढांमधून ओढली, म्हणजे आत राहिलेला कण निघावा.

आता ओळखीतलं कुणी रूट कॅनालनंतर कॅप बसवायला निघालं की मला फोन येतो, कारण मी टूलरूममध्ये सगळ्यांना ही गोष्ट सांगून दमवलेलं आहे. परवा चोपड्याहून मेव्हण्याचा आला. डिजिटल कॅप घेऊ की साधी? त्याला म्हटलं, डिजिटल-साधी सोड, लावायच्या आधी कडेचा एक्स-रे काढणार का ते विचार, आणि बसली नाही तर स्कॅन परत घेणार का ते विचार. तो म्हणाला, "असं विचारलं तर डॉक्टर रागावतील ना भाऊजी." रागावले तर रागावले. त्यानं विचारलं की नाही ठाऊक नाही.

माझी खालची दाढ ठीक आहे, दोऱ्याला वास नाही. बायकोनंही शहानिशा केली आहे. वरची, जी पहिल्या फटक्यात बसली म्हणून मी तिच्याबद्दल चार ओळीही लिहिल्या नाहीत, तिच्या आणि शेजारच्या दाढेच्या मध्ये आता दोरा पहिल्यापेक्षा सैल जातो आणि मेथीची काडी अडकते. मॅडम म्हणतात, शेजारची दाढ जरा सरकली असेल, असं होतं. सहा महिन्यांनी परत बघू, वाढलं तर कॅप कापून नवी करावी लागेल. झिरकोनिया कापायला वेळ जातो आणि दोन-तीन बर खर्ची पडतात. बरचे पैसे कुणी द्यायचे ते अजून ठरलेलं नाही.